न सांडणारं पाणी

जकात कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर अकरा माणसं दिवसभर एकाच प्रश्नावर डोकं झिजवत बसत: बंदरात उतरलेला हा खाण्याचा पदार्थ नेमका आहे तरी काय? चार वर्षांची पोरगी ज्याचं उत्तर चालता चालता देईल, त्याला या मंडळींना तीन महिने आणि दोनशे पानं लागायची. शेंगदाणे बिनमिठाचे असले तर जकातीच्या पुस्तकातल्या एका प्रकरणात, खारवले की दुसऱ्याच प्रकरणात. टोमॅटोचा सॉस ही भाजी की मसाला, यावर एकदा दीड वर्ष कीस काढला होता. त्या दीड वर्षात सॉसच्या बाटल्या गोदामात काळ्या पडल्या, आणि शेवटी निकाल लागला तेव्हा तो खाण्याचा पदार्थच उरला नव्हता. त्याची कोणाला लाज वाटली नाही. उलट निकालपत्राची भाषा किती सुंदर उतरली म्हणून चहा झाला.

खाली तळमजल्यावर, जिन्यामागच्या प्रयोगशाळेत, लिटमसबाई या सगळ्यांची मनसोक्त कीव करत बसत. हे नाव त्यांना वरच्या मजल्यानंच दिलेलं. एखादा माणूस दारात दिसला रे दिसला की बाईंच्या चेहऱ्याचा रंग बदलायचा, आणि आपण नापास झालो हे त्या माणसाला बसायच्या आत कळायचं. नाव बाईंच्या कानावर आलं होतं. त्यांना ते आवडलं होतं, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

वरची मंडळी बोलतात आणि आपण मोजतो, एवढा साधा हिशोब होता बाईंचा. बावीस वर्षांत त्यांचा एकही अहवाल परत आला नव्हता. विभागाच्या साहेबांना सगळे कलमसाहेब म्हणत, कारण खिडकी उघडू का असं विचारलं तरी ते आधी कुठल्या कलमाखाली ते बघत. हे कलमसाहेब चर्चेत अडकले की शेवटी बाईंचाच कागद वर उचलून म्हणत, "प्रयोगशाळा म्हणते ते खरं." बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण या वाक्यावर त्यांचं नाक आणखी चार बोटं वर जायचं.

अशा दिवसांत ते पाणी आलं.

पाणीच होतं ते. छोट्या प्लास्टिकच्या कपांत भरलेलं, वर पातळ झाकण चिकटवलेलं, ना रंग, ना वास, ना साखर. शैवालापासून काढलेली कसलीशी पूड घालून ते घट्ट केलं होतं. मागवणारी संस्था म्हणजे म्हाताऱ्या आजारी माणसांचं शुश्रूषागृह. अर्जात लिहिलं होतं: ज्यांना पाणी गिळता येत नाही, घोट घेतला की तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो, अशा रुग्णांसाठी. चमच्यानं भरवायचं. वर्ग: रुग्णांचा आहार.

वरच्या मजल्याला आनंदाचं भरतं आलं. न वाहणारं पाणी! हे पेय म्हणायचं की जेली? जेली म्हणावी तर साखर कुठे आहे? आणि पाणी म्हणावं तर ते चमच्यानं खातात कसं? एकानं तर पाणी या शब्दाची व्याख्या शोधायला ग्रंथालयाची किल्ली मागवली. शेवटी कलमसाहेबांनी फर्मावलं, "प्रयोगशाळेला विचारा: घन की द्रव? द्रव असेल तर पेय, घन असेल तर आहार."

पेय ठरलं तर पेय मंडळाचा परवाना लागणार होता, आणि तो फक्त बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांनाच मिळतो. शुश्रूषागृहाला तो या जन्मात मिळाला नसता. म्हणजे पेय ठरलं की कप गोदामातच राहणार. बाईंना हे ठाऊक होतं, पण त्यांच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

प्रयोगशाळेची एक जुनी रीत होती. कधी काळी मधाच्या नमुन्यांपायी ती पडली. मध थंडीत गोठतो, खाली साखरेचे खडे बसतात, वर पातळ राहतो; मग तपासायचं कुठलं? म्हणून आधी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ढवळून सगळं एकजीव करायचं, आणि मग तपासायचं. पुढे जॅम आला, पाक आला, चीज आलं, आणि जे जे घट्ट दिसेल ते ते गरम पाण्यात जाऊ लागलं. का, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. बाईंनी ते कप झाकणासकट गरम पाण्यात ठेवले, मग सगळं मोठ्या काचेच्या भांड्यात ओतलं, काचेच्या कांडीनं ढवळलं, गाळलं आणि लिहिलं: पारदर्शक, पातळ, सहज वाहणारा द्रव. भांडं धुऊन टाकलं. सही केली. एकूण पाऊण तास.

"पाण्याला पाणी म्हणायला माझी पाऊण तासाची मजुरी," त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या. "वरच्यांना तेवढंही जमत नाही."

आठवड्यानं शुश्रूषागृहाच्या मेट्रन खाली आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, रबरी तळव्यांचे बूट घातलेल्या. वरच्या मजल्यावर त्यांना अहवालाची प्रत मिळाली होती. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता, आणि गोंधळलेल्या माणसांची बाईंना भारी चीड.

"बाई, यात द्रव लिहिलंय," मेट्रन म्हणाल्या.

"हो. द्रवाला द्रव लिहितात."

"पण ते सांडत नाही हो. तुमच्याकडे एखादा कप उरला असेल ना? उपडा करून बघा. एक मिनिट लागेल."

लिटमसबाईंनी चष्मा काढला. चष्मा काढून पुसायला लागल्या की समोरच्यानं निघायचं असतं, हे मदतनीस मुलगीसुद्धा शिकली होती. "मेट्रनबाई, कप उपडे करून दाखवायला ही जत्रा नाही. इथे तपासणीची पद्धत आहे, आणि ती पद्धत तुमच्या आधी बावीस वर्षं चालू आहे."

"माझ्याकडे चौदा जण आहेत. आम्ही सध्या पाण्यात पिठूळ पूड कालवून देतो. गुठळ्या होतात. नको म्हणतात ते, तोंड फिरवतात."

"मग चांगलं कालवा. सुनावणी तीन आठवड्यांनी आहे, तिथे बोला काय ते."

मेट्रन "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. जिन्याखालून त्यांच्या बुटांचा आवाजसुद्धा आला नाही. "दया मागायला येतात सगळे," बाई म्हणाल्या, "आणि दया मोजायचं माप मागितलं की बोलती बंद." मदतनीस मुलगी हसली, कारण हसावं लागायचं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाईंनी जेवताना घरी ही गोष्ट सांगितली. त्यांचे यजमान शाळेतून निवृत्त झालेले, भूगोलाचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता, आणि बाईंना त्याची मनातून जरा लाजच वाटायची. ज्यांच्या हाताला माप नाही, नुसता अंदाज आहे, अशा माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. नवरा असला तरी.

"म्हणजे तू ते गरम असतानाच पाहिलंस?" मास्तरांनी विचारलं.

"एकजीव केल्यावर पाहिलं. तशीच पद्धत आहे."

"अगं, पण गरम असताना तर जॅमसुद्धा पातळच असतो. भांड्यात बघून कळतंय कुठे? मी थेंबभर थंड बशीवर टाकतो, दोन मिनिटं थांबतो, बोटानं ढकलून बघतो. सुरकुती पडली तर झाला."

"अहो, स्वयंपाकघरातली अक्कल प्रयोगशाळेत पाजळू नका."

मास्तरांना हे ऐकायची सवय होती. त्यांनी बाईंच्या ताटात आणखी एक पाव ठेवला आणि भांडी घासायला उठले. बाईंनी त्या पावाचा एकही तुकडा मोडला नाही. जॅमची ती बशी त्यांच्या डोक्यातून काही केल्या हलेना.

दुसऱ्या दिवशी बाई कार्यालय उघडायच्या आधीच पोचल्या. कपाटात नमुन्यातला एक कप उरला होता. तो त्यांनी गरम पाण्यात ठेवला, पातळ झाल्यावर एका बशीत ओतला, आणि एप्रनच्या खिशात हात घालून उभ्या राहिल्या. सहा मिनिटं. मग बशी तिरकी केली. पाणी हललं नाही. आणखी तिरकी केली, उपडी केली. पाणी बशीला चिकटून उलटं लटकत राहिलं आणि जराशानं अख्ख्या चकतीसारखं टेबलावर पडलं.

रसायनशास्त्राची पदवी, बावीस वर्षं, आणि जी गोष्ट एका भूगोलाच्या मास्तराला गॅससमोर उभं राहून कळते ती कळली नाही. बाईंना स्वतःची अशी शिसारी आली, जशी त्यांना आजवर फक्त दुसऱ्यांची यायची.

तरी मनात पहिला विचार आला तो हा: कोणी पाहिलं नाही. टेबल पुसलं की संपलं. अहवाल खोटा नव्हता, गरम असताना ते द्रवच होतं. वर कोणाला एवढी अक्कल नाही की कधी तपासलंत म्हणून विचारेल. त्यांनी फडकं हातात घेतलं, टेबल पुसलंही. पण पुसता पुसता आपण अगदी कलमसाहेबांसारखा विचार करतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तेवढं मात्र त्यांना सहन होईना. दया वगैरे काही नव्हतं त्यात. त्या माणसासारखं आपण असणं, याचाच त्यांना तिटकारा आला.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, एका टोकाला कलमसाहेब, शेजारी टिपणं घेणारा कारकून, समोर एकट्या मेट्रन. वकील नव्हता. मेट्रननी पिशवीतून एक कप काढला, झाकण सोललं आणि साहेबांच्या समोरच्या फाइलवर उपडा केला. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. कपातून काहीच सांडलं नाही.

"नाट्य पुरे," कलमसाहेब सावरून बसत म्हणाले. "अहवालात द्रव आहे. प्रयोगशाळा म्हणते ते खरं."

"प्रयोगशाळा चुकली," लिटमसबाई म्हणाल्या.

कारकुनाचं पेन थांबलं.

"मी नमुना गरम केला आणि गरम असतानाच पाहिला. थंड होऊ द्यायला हवा होता. थंड झाल्यावर ते घट्ट होतं. आज सकाळी मी पुन्हा बघितलं. चूक माझी आहे."

बाईंना वाटलं होतं, आता साहेब तुटून पडतील. बावीस वर्षं ज्याची कीव केली त्याला आज संधी मिळाली, तो ती सोडणार नाही. त्यासाठी त्यांनी पाठ ताठ करून ठेवली होती. पण साहेबांच्या चेहऱ्यावर भलतंच काही आलं. ते घाबरले होते.

"बाई, तुम्ही दमलेल्या दिसताय," ते हळूच म्हणाले. मग कारकुनाकडे वळून, "हे नोंदीत घेऊ नका."

"मी दमलेली नाही."

"अहो, जरा विचार करा! बावीस वर्षं तुम्ही काय काय गरम करून तपासलंत? जॅम, मध, जेली, चीज. एक अहवाल चुकला म्हटलं की उद्या सगळे व्यापारी दारात उभे राहतील, आमचाही अहवाल पुन्हा काढा म्हणून. तुमची चूक म्हणजे काय तुमच्या घरची चूक आहे? ती खात्याची आहे. आणि खात्याची चूक होत नसते."

बाईंना हसू आलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल करायला निघालेल्या, तर ती घ्यायलाच कोणी तयार नाही. ज्या माणसाला त्या कवडीमोल समजायच्या तो त्यांना वाचवायला बघत होता, आणि वाचवल्यावर त्या कायमच्या त्याच्याच मापाच्या झाल्या असत्या.

"मेट्रनबाई," त्या वळल्या, "प्रत्येक मालाचे दोन नमुने काढतात. एक मी तपासला. दुसरा सीलबंद कपाटात आहे. तो बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्ही करू शकता. लेखी हवी, आणि सुनावणी संपायच्या आत. आत्ता लिहा. तपासताना थंड करून बघावं, हेही लिहा."

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या आहात?" कलमसाहेब ओरडले.

"बाजू तुमच्या मजल्यावर असतात," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे नमुने असतात."

मेट्रननी कारकुनासमोरचाच कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. अक्षर मोठं आणि सरळ होतं. साहेब पाहत राहिले; लिहिलेली मागणी नाकारायचं कलम त्यांना सापडेना.

बाहेरच्या प्रयोगशाळेनं सहा आठवडे लावले. त्या सहा आठवड्यांत बाईंची प्रयोगशाळा काढून घेतली गेली आणि त्यांना गोदामाच्या वजनकाट्यावर बसवलं. तिथे एक टेबल, एक रजिस्टर आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्या हातगाड्या. बाई तिथेही ताठच बसत. खरं सांगायचं तर त्या जरा खूशच होत्या. घरी मास्तरांना त्यांनी सुनावणीची हकीकत इतक्यांदा सांगितली की "बाजू तुमच्या मजल्यावर असतात" हे वाक्य मास्तर ओठांतल्या ओठांत आधीच म्हणायला लागले. अख्ख्या इमारतीत कणा असलेलं एकच माणूस निघालं आणि त्याला वजनकाट्यावर बसावं लागलं, यात बाईंना एक प्रकारची शोभा दिसत होती. माणसानं स्वतःवर एवढं खूश असू नये. पण बाईंना तो सराव बावीस वर्षांचा होता.

अहवाल आला: घट्ट, न वाहणारा, रुग्णांचा आहार. वरच्या मजल्यानं तो गपचूप स्वीकारला. माल सुटला. आता आपल्याकडे कोण येणार, हे बाईंना नेमकं ठाऊक होतं. उरलेले नमुने परत नेताना, ज्यानं मूळ नमुना तपासला त्याची सही लागते. मेट्रनना यावंच लागणार होतं. बाईंनी टेबल पुसलं, कुठून तरी एक जास्तीची खुर्ची आणून समोर ठेवली. आणि "त्यात काय एवढं, माझं कर्तव्यच होतं" हे वाक्यही तयार करून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मेट्रन आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. कागद टेबलावर ठेवला.

"सही हवीय. इथे."

बाईंनी पेन उघडलं, पण सही केली नाही. "सुटला ना माल? चला, बरं झालं. मला इथे पाठवलंय त्यांनी, बघताय ना. पण मी म्हटलं, खरं ते बोलायचंच. असं उभं राहून बोलायला कोणी धजत नाही इथे."

मेट्रननी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो तर पहिल्या दिवशीही नव्हता. पण आता गोंधळही नव्हता.

"तुम्ही चुकलात, आणि चुकले म्हणालात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नर्सच्या हातून चुकीचं औषध गेलं की ती धावत येऊन सांगते. त्याच मिनिटाला. त्याचं कोणी कौतुक करत नाही, बाई. तिनं सांगितलं नाही तर तिला काढतात."

"मी कळल्याबरोबर सांगितलं."

"हो. मी सांगायला आले होते, तेव्हा तुम्ही चष्मा पुसत होतात."

एक हातगाडी काट्यावर चढली. गाडीवाला आकड्याची वाट बघत उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"चार नंबरच्या खाटेवर एक शिंपी होते," मेट्रन म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी वर्षांचे. गुठळ्यांचं पाणी तोंडात धरायचे आणि उशीवर थुंकायचे. तहान लागायची माणसाला. एके दुपारी कोणी नाही असं बघून उठले आणि खिडकीतल्या फुलदाणीतलं पाणी प्यायले. फुलं बाजूला काढून, नीट ओळीनं ठेवून. ते फुप्फुसात गेलं. पाच दिवस काढले त्यांनी."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"मी तुमच्याकडे येऊन गेले त्यानंतर दहा दिवसांनी ते वारले. सुनावणीच्या अकरा दिवस आधी."

"मग सुनावणीत सांगितलं का नाहीत? सगळ्यांसमोर सांगायचं होतंत..."

"तिथे?" मेट्रन म्हणाल्या. "तिथे तर पाण्याला काय म्हणायचं ते चाललं होतं."

त्यांनी कागद बोटानं आणखी थोडा पुढे सरकवला. गाडीवाला म्हणाला, बाई, वजन सांगा, मागे रांग लागलीय. लिटमसबाईंनी सही केली. तारीख घालायची राहिली होती. मेट्रननी ती दाखवली, त्यांनी तीही घातली.